पुढे सरका, पुढे सरका

बाबांच्या बायपासला आता चार महिने होतील. ऑपरेशन मस्त झालं, दुसऱ्या दिवशी नळी निघाली, चहा मागितला, आम्ही ग्रुपवर 'सगळं ओके' टाकून मोकळे. तिसऱ्या रात्री अडीचला फोन, पेशंट ऐकत नाहीये, कोणीतरी या.

गेलो तर बाबा अर्धे उठून बसलेले आणि चादर चिमटीत धरून तिकिटं फाडतायत. ३४ वर्षं बेस्टमध्ये कंडक्टर, वडाळा डेपो. मॉनिटर टिंग झाला की "चला, डबल बेल", सिस्टरला "ताई सुट्टे द्या, हिंदमातावाले पुढे सरका". मला आधी हसूच आलं, खोटं कशाला बोलू, पण मग माझ्याकडे बघून म्हणाले "तुमचं तिकीट?" मला, तुमचं! तिथेच पोटात गोळा आला. सलाइन उपटत होते म्हणून हात बांधले, त्या कागदावर सही मी केली.

काका म्हणे डोक्यावर परिणाम झाला, आत्या अंगारा घेऊन आली (सिक्युरिटीने दारातच अडवली). डॉक्टर म्हणाले डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक होणारा डोक्याचा गोंधळ. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, वर्षानुवर्षं हळूहळू चढतो, हे एका रात्रीत येतं आणि दिवसभर कमीजास्त होत राहतं, सकाळी माणूस नीट बोलतो आणि दिवेलागणीला परत बस सुरू. बायपासनंतर, त्यात वय झालेलं असलं की, बऱ्याच जणांना होतं म्हणे. मग आधी सांगायला काय झालं होतं?

पाचव्या दिवशी बाबा एकदम गप्प, आम्ही खूश, चला उतरलं. एका ज्युनियर डॉक्टरने त्यांचा हात हातात घेतला, एकेक इंग्रजी अक्षर बोलत गेली, 'ए' आला की दाबा म्हणाली. बाबांनी एकदाही दाबला नाही, म्हणजे लक्षच लागत नव्हतं. हापण डिलिरियमच, शांतवाला, आणि हाच जास्त करून नजरेतून सुटतो. मी म्हटलं मग एखादं इंजेक्शन द्या ना, तर म्हणाली यासाठी देतात त्या हॅलोपेरिडॉल नावाच्या औषधाने हे दिवस कमी होत नाहीत, २०१८ च्या अमेरिकेतल्या मोठ्या ट्रायलमध्ये आलंय, आधी कारणं शोधू. लघवीत इन्फेक्शन निघालं, झोपेचं एक औषध बंद केलं. मग सहज विचारल्यासारखं, "चष्मा लावतात का? ऐकू येतं नीट?"

चष्मा आणि कानाचं मशीन ऑपरेशनच्या सकाळी प्लॅस्टिकच्या पिशवीतून आमच्याच हातात दिलेलं, ते घरी कपाटात. पाच दिवस माणसाला धड दिसत नाही, ऐकू येत नाही, खिडकी नाही, लाइट चोवीस तास चालू, आणि आम्ही बाहेर बाकड्यावर बसून वडापाव खातोय.

पिशवी आणली. आईला दुपारी आत बसू द्यायला लागले, ती वार सांगायची, भाजी काय केली ते सांगायची, त्यांच्यावर चिडायचीपण. रात्री त्यांच्या बाजूचा लाइट बंद. आठव्या दिवशी मला बघून म्हणाले "दाढी कर रे, काय अवतार केलायस".

बाकी त्यांना काहीच आठवत नाही. परवा जेवताना मात्र मधेच म्हणाले, "माझे हात बांधले होते ना रे?" हो म्हटलं. सहीचं अजून सांगितलं नाहीये.