एफ-16 मधील ऑफसेट : तीन आकडे आणि दोन उत्तर दिशा

डीसीएस वर्ल्ड या लढाऊ विमानांच्या संगणकीय खेळात एफ-16 उडवणाऱ्या बहुतेकांनी ऑफसेट भरायची ओए1 आणि ओए2 ही पाने एकदा तरी उघडलेली असतात आणि तिथले सगळे शून्य तसेच ठेवून बंद केलेली असतात. स्टीअरपॉइंटला (मार्गावरच्या ठरवलेल्या बिंदूला) अक्षांश-रेखांश भरता येतात, इंजिनाच्या हवातोंडाशेजारी टार्गेटिंग पॉड (लक्ष्य शोधणारा कॅमेरा) असतो, जीपीएस असते. मग एका बिंदूपासून अमुक दिशेला, अमुक अंतरावर आणि अमुक उंचीवर असलेला दुसरा बिंदू, म्हणजेच ऑफसेट, विमानाला शिकवण्याची खटपट कशासाठी करायची, ही शंका रास्त आहे. माझे मत असे की ही सोय मुळात विमानाचा स्वतःच्या जागेबद्दलचा गैरसमज निस्तरण्यासाठी आहे, आणि तिच्याकडे त्या नजरेने पाहिले तरच तिथे भरायच्या आकड्यांचे गांभीर्य लक्षात येते.

जीपीएस येण्यापूर्वीच्या विमानात जागेचा हिशेब मुख्यतः इनर्शिअल यंत्रणेवर, म्हणजे विमानाच्या हालचाली मोजून जागा काढणाऱ्या यंत्रणेवर चाले आणि ती यंत्रणा वेळ जाईल तसतशी सरकत जाई. विमानाला आपण आहोत त्याहून आठशे फूट पूर्वेला आहोत असे वाटू लागले, तर त्याच्या लेखी जगातले प्रत्येक लक्ष्य तेवढ्याच फरकाने चुकते. लक्ष्य रडारवर स्पष्ट दिसत असेल तर कर्सर त्यावर नेऊन ही चूक सुधारता येते. परंतु मातीत गाडलेला बंकर किंवा झाडीतली तोफ रडारवर उमटतच नाही. अशा वेळी शेजारची ठळक दिसणारी एखादी वस्तू निवडायची, लक्ष्य आणि ती वस्तू यांतले नाते आधीच भरून ठेवायचे आणि हल्ल्याच्या वेळी कर्सर त्या वस्तूवर बसवायचा. वस्तूला लागू झालेली दुरुस्ती लक्ष्यालाही तेवढीच लागू होते. व्हिएतनाम युद्धात अमेरिकन मरीन कोअरच्या ए-6 विमानांनी हेच तत्त्व जमिनीवरच्या रडार बीकनसह (रडारला संकेताने उत्तर देणाऱ्या उपकरणासह) वापरले होते : पुढे असलेल्या तुकडीजवळचा बीकन रडारवर दिसे आणि त्या बीकनपासून लक्ष्य कोणत्या दिशेला व किती दूर आहे, हे रेडिओवरून कळवले जाई.

एफ-16 मध्ये प्रत्येक स्टीअरपॉइंटला असे दोन ऑफसेट जोडता येतात. आयसीपीवर (वैमानिकासमोरच्या कळफलकावर) लिस्ट दाबून 1 दाबले की डेस्ट पान उघडते, आणि चार बाजूंना हलणारी छोटी कळ उजवीकडे ढकलली की क्रमाने ओए1 आणि ओए2 येतात. (या कळीचे नावही डीसीएसच आहे, त्यामुळे सूचना वाचताना खेळाविषयी सांगितले आहे की कळीविषयी, हे दोनदा पाहावे लागते.) तिथे अंतर फुटांत, बेअरिंग (उत्तरेपासून मोजलेली दिशा) दशांश अंशांत आणि उंची फुटांत भरायची असते. आयसीपीवर दशांशचिन्हाची कळ नाही. शेवटचा अंक आपोआप दशांश धरला जातो. साठ अंश भरायचे असतील तर 6-0-0 दाबावे लागते, केवळ 6-0 दाबले तर सहा अंश भरले जातात. म्हणून एंटर दाबण्यापूर्वी डीईडीवर (भरलेले आकडे दाखवणाऱ्या छोट्या पडद्यावर) नजर टाकावी. आकडे भरले गेले की एचयूडीवर (वैमानिकाच्या नजरेसमोरच्या पारदर्शक काचेवर) ऑफसेटच्या जागी छोटा त्रिकोण दिसतो, आणि चूक ढोबळ असेल तर त्रिकोण कुठे तरंगतो आहे यावरूनच ती उघडी पडते.

इथपर्यंतचे काम कळा दाबण्याचे आहे आणि ते कोणत्याही मार्गदर्शिकेत सापडते. खरी मेख बेअरिंगमध्ये आहे.

या पानांवर भरायचे बेअरिंग खऱ्या, म्हणजे भौगोलिक ध्रुवाकडच्या उत्तरेपासून मोजलेले हवे. मात्र जमिनीवरच्या नियंत्रकाकडून येणाऱ्या, हल्ल्याच्या सूचना देणाऱ्या नऊ ओळींच्या संदेशात आयपीपासून (हल्ल्याच्या आरंभबिंदूपासून) लक्ष्याकडची दिशा चुंबकीय, म्हणजे होकायंत्र दाखवते त्या उत्तरेपासून सांगितलेली असते आणि अंतर नॉटिकल मैलांत असते. समजा, नेवाडाच्या नकाशावर संदेश आला की दिशा 048, अंतर 6.2. नेवाडात चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेच्या पूर्वेला सुमारे 12 अंश पडते. फरक पूर्वेकडे असेल तर चुंबकीय आकड्यात तो मिळवायचा, म्हणजे भरायचे बेअरिंग 060.0 होते. नॉटिकल मैल म्हणजे 6,076 फूट, तेव्हा अंतर 37,671 फूट. आता हे रूपांतर न करता कोणी सरळ 048 भरले, तर त्रिकोण लक्ष्यापासून जवळपास 7,900 फूट दूर, म्हणजे सुमारे 2.4 किलोमीटरवर जाऊन बसेल. वैमानिकांचा जुना ठोकताळा सांगतो की एक अंशाची चूक साठ मैलांवर एक मैल होते; त्या हिशेबाने 12 अंश आणि 6.2 मैल यांचे तोंडी उत्तर सव्वा मैल येते आणि ते पुरेसे बरोबर आहे.

हीच चूक पर्शियन गल्फच्या नकाशावर झाकून राहते, कारण तिथे फरक अवघा दोन अंशांच्या आसपास आहे. तिथे शिकलेला खेळाडू नेवाडात गेला की त्याला वाटते, विमानच बिघडले आहे. आपल्याकडच्या वाचकांच्या बाबतीत याला आणखी एक कारण आहे. महाराष्ट्रात चुंबकीय आणि खरी उत्तर यांतला फरक एक अंशाच्याही आत आहे, त्यामुळे सह्याद्रीत नकाशा आणि होकायंत्र घेऊन वर्षानुवर्षे भटकलेल्या माणसालाही हा फरक वजा किंवा अधिक करण्याची सवय लागलेली नसते. घाटमाथ्यावर ज्याची कधी गरजच पडली नाही, ते गणित लास व्हेगासच्या उत्तरेला एकदम अंगावर येते.

खेळाच्या नकाशावरची मोजपट्टी कोणत्या उत्तरेपासून मोजते, याविषयी लोक तावातावाने वाद घालतात. वाद घालण्यापेक्षा धावपट्टी मोजून पाहावी. नेवाडातल्या नेलिस हवाई तळाच्या धावपट्टीचा क्रमांक 03 आहे, म्हणजे तिची चुंबकीय दिशा 30 अंशांच्या आसपास. मोजपट्टी तिच्यावर ठेवल्यावर आकडा 40 च्या घरात आला तर तुमची मोजपट्टी खरी उत्तर धरते आहे, आणि तिचे बेअरिंग थेट ओए पानावर भरता येते. कॉकेशसच्या नकाशावर मात्र आणखी एक गुंता आहे. तो नकाशा 33 अंश पूर्व रेखांश मध्यभागी धरून सपाट केलेला आहे, त्यामुळे बाटुमीच्या परिसरात नकाशाच्या चौकटीची उभी रेघ खऱ्या उत्तरेपासून साडेपाच अंशांहून अधिक कलते. चौकटीच्या रेघांवरून डोळ्यांनी अंदाज घेणाऱ्याने तिथे तरी तो घेऊ नये.

दिशेचा हिशेब बरोबर केला तरी नऊ ओळींच्या संदेशातल्या आकड्यांना एक मर्यादा राहतेच. दिशा पूर्ण अंशात दिलेली असते, म्हणजे तिच्यात अर्ध्या अंशापर्यंतचा फरक गृहीत धरावा लागतो, 6.2 मैलांवर तो सुमारे 330 फूट होतो. अंतर एक दशांशापर्यंत दिलेले असते, तिथे आणखी 300 फूट. एवढ्या अचूकतेचा बिंदू पॉडची नजर योग्य शेतावर किंवा योग्य गल्लीवर आणायला उत्तम आहे, परंतु त्या बिंदूवरच बॉम्ब सोडण्याचा विचार कोणी करू नये. त्यासाठी सहाव्या ओळीत लक्ष्याचे स्थान वेगळे दिलेले असते. ऑफसेटने नेमकेपणा हवा असेल तर दोन अटी पाळाव्या लागतात : तो स्वतः नकाशावर दशांश अंशापर्यंत मोजलेला असावा आणि शक्यतो छोटा असावा. दहा मैलांवरच्या डोंगरापेक्षा तीन हजार फुटांवरचा पूल केव्हाही चांगला.

उंचीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. ओएची उंची समुद्रसपाटीपासून भरायची असते आणि ती शून्य राहिली तर ऑफसेट जमिनीखाली जातो. पर्शियन गल्फच्या किनाऱ्यावर हे खपून जाते, पण नेवाडातल्या टोनोपाच्या परिसरात जमीनच साडेपाच हजार फुटांच्या आसपास आहे. विमानातून तीस अंश खाली पाहत असताना उंचीत 1,000 फुटांची चूक असेल, तर नजर जमिनीवर सुमारे 1,700 फूट भरकटते. दिशा आणि अंतर दोन्ही बरोबर भरूनही पॉड लक्ष्याच्या पलीकडे टक लावून बसला असेल, तर आधी उंची तपासावी.

ओएच्या पलीकडे एफ-16 मध्ये व्हीआयपी आणि व्हीआरपी अशा आणखी दोन पद्धती आहेत. व्हीआयपीमध्ये स्टीअरपॉइंट हा डोळ्यांनी ओळखता येणारा आरंभबिंदू असतो आणि लक्ष्य त्याच्यापासून मोजलेले असते. व्हीआरपीमध्ये स्टीअरपॉइंट हेच लक्ष्य असते आणि खूण त्याच्यापासून मोजलेली असते. दोन्ही एकाच वेळी चालू ठेवता येत नाहीत. नऊ ओळींचा संदेश आयपीकडून लक्ष्याकडे मोजलेला असल्याने तो व्हीआयपीत सरळ बसतो, शिवाय तिथे अंतर नॉटिकल मैलांतच भरायचे असल्याने फुटांचे गुणाकारही वाचतात; उत्तरेचा हिशेब तेवढा करावा लागतो. तोच संदेश व्हीआरपीत भरायचा झाला तर दिशा उलटी करावी लागते आणि वरच्या उदाहरणातले 060 तिथे 240 होतात. दोन्ही पद्धतींत पुल-अप पॉइंटही भरता येतो. जमिनीलगत येऊन ऐनवेळी वर झेपावण्याचा हल्ला करायचा असेल तर तो फार उपयोगी पडतो, कारण झेप नेमकी कुठे घ्यायची हे घड्याळाकडे न पाहता एचयूडीवर दिसते.

हे सगळे पूर्ण अर्थाने अनुभवायचे असेल तर मिशनची तारीख 1994 पूर्वीची ठेवावी. मग एफ-16 ला जीपीएस मिळत नाही आणि इनर्शिअल यंत्रणा हळूहळू सरकू लागते. बंदर अब्बासच्या बाजूने समुद्रावरून येताना जमीन पाहणारे रडार चालू ठेवले की पाणी काळे राहते आणि धक्क्याची कड ठळक उजळते. ओए1 मध्ये या धक्क्याचे टोक भरलेले असेल, तर रडारच्या पानावर बाजूच्या बटणाने टीजीटीवरून (लक्ष्यावरून) ओए1 वर गेल्यावर कर्सर धक्क्याच्या टोकावर बसायला हवा. परंतु बराच वेळ उडून झालेला असेल तर तो थोडा बाजूला, काळ्या पाण्यात बसलेला दिसतो. तो सावकाश ढकलून उजळ टोकावर आणला की एचयूडीवरची उभी मार्गदर्शक रेघ आपोआप तेवढीच सरकते, आणि आत कुठेतरी असलेले, रडारवर अजिबात न उमटणारे गोदाम पुन्हा आपल्या जागी येते. काम झाल्यावर कर्सर झिरो दाबायला विसरू नये, नाहीतर ही दुरुस्ती पुढच्या लक्ष्यालाही चिकटून राहते.

निवडायची खूण मानवनिर्मित आणि टोकदार असावी. धरणाची भिंत, पुलाचे टोक, धावपट्टीच्या कडेचा एकटा हँगर यांवर कर्सर नेमका बसतो. डोंगराचे शिखर नकाशावर टोकदार दिसते, पण रडारवर त्याची नुसती चमकती बाजू उमटते आणि ती बाजूही आपण कुठून येतो त्याप्रमाणे बदलते.

मिराज 2000 मध्ये हीच कल्पना अधिक मोकळेपणाने मांडलेली आहे. भारतीय वायुसेनेत 1985 मध्ये आलेली आणि ग्वाल्हेरला असलेली ही विमाने आपल्याला छायाचित्रांतून परिचित आहेत; डीसीएसमध्ये मिळते ती फ्रेंच वायुसेनेची सी आवृत्ती. तिच्या पीसीएन या दिशादर्शनाच्या पॅनेलवर प्रत्येक वेपॉइंटला ‘बाद’ (BAD) या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा एक ऑफसेट जोडता येतो. तो अंतर आणि कोन देऊन भरता येतो किंवा उत्तर-दक्षिण व पूर्व-पश्चिम असे दोन सरळ फरक देऊनही भरता येतो. चौकटीच्या नकाशावरून मोजणाऱ्याला ही दुसरी पद्धत अधिक सोयीची वाटेल. आयपीवरून जाताना खूण केली की संगणक पुढचे लक्ष्य या ऑफसेटवरून काढतो. एफ-16 मध्ये अनेक पानांत विखुरलेले काम इथे एका फिरत्या बटणाच्या दोन-तीन जागांत होते, म्हणून ऑफसेट प्रथमच शिकणाऱ्याने मिराजवर सुरुवात करावी आणि मग एफ-16 कडे वळावे, असे मी सुचवेन.