पहाटे तीन वाजता, उणे १२ अंशांत

४,५०० मीटरवर, खिंडीच्या अगदी पायथ्याशी आमचा तंबू होता. उजाडायच्या आत खिंड गाठायची म्हणून आम्ही तिघं तीनलाच उठलो. थर्मामीटर उणे १२ दाखवत होता. बाहेर ठेवलेल्या बाटल्या दगडासारख्या घट्ट झाल्या होत्या. स्लीपिंग बॅगमध्ये कुशीत घेऊन झोपलो होतो ती एकच बाटली काय ती शाबूत. बर्फ वितळवून प्रत्येकी लिटरभर पाणी भरायचं आणि चारला निघायचं, असं ठरलेलं.

स्टोव्ह पहिल्याच काडीत पेटला. आवाज छान होता, ज्योत निळी. तीन-चार मिनिटांत आवाज बारीक होत गेला आणि ज्योत मेणबत्तीएवढी उरली. कॅनिस्टरला, म्हणजे स्टोव्हखालच्या गॅसच्या डब्याला, हात लावला तर बोटं चिकटतील इतका गार, बाहेरून पांढरं दव गोठलेलं. हलवून पाहिला. आत द्रव डुचमळत होता, निम्मा तरी नक्की.

"हवा विरळ आहे ना, म्हणून जळत नाहीये," मित्र म्हणाला.

असं अनेकांना वाटतं. खरं कारण वेगळं आहे, आणि ते समजलं की अर्धी काळजी मिटते. कॅनिस्टरमध्ये गॅस, म्हणजे ब्युटेन, आयसोब्युटेन, प्रोपेन यांसारख्या वायूंचं मिश्रण, द्रवरूपात असतो. तो उकळून वाफ होतो आणि त्या वाफेच्या दाबानेच बर्नरपर्यंत पोचतो. समुद्रसपाटीला साधा ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, आयसोब्युटेन साधारण उणे १२ ला, प्रोपेन थेट उणे ४२ ला. वर गेलं की बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे हे आकडे हजार मीटरमागे सुमारे तीन अंशांनी आणखी खाली जातात. म्हणजे आमच्या तळावर ब्युटेन उणे १४ च्या आसपास उकळत होता. उंची आमच्या बाजूने होती! हीच थंडी समुद्रकिनारी असती तर त्या ब्युटेनने ज्योत धरलीच नसती.

घात केला तो थंडीने, आणि त्याहून जास्त कॅनिस्टरच्या स्वतःच्या गारठ्याने. द्रवाची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती त्या द्रवातूनच ओढली जाते. स्टोव्ह जितका मोठा ठेवाल तितका डबा लवकर गार पडतो, बाहेरच्या हवेपेक्षाही गार. आमच्याकडे उणे १२ आणि उणे १४ मध्ये अंतर होतंच किती? शिवाय मिश्रणातला प्रोपेन आधी उडून जातो. दोन दिवस वापरलेल्या आमच्या डब्यात उरला होता तो बहुतेक ब्युटेनच. नवा कॅनिस्टर थंडीत गरजतो आणि अर्धा झालेला मान टाकतो, ते यामुळेच.

कुशीतली बाटली काढली. त्यातलं थोडं पाणी पसरट वाडग्यात ओतलं आणि कॅनिस्टर त्यात दोन बोटं बुडेल असा उभा केला. मिनिटभरात आवाज परत आला. तो आवाज ऐकून तिघांनाही जो धीर आला, तो मी विसरणार नाही. पाणी कोमट असण्याचीही गरज नसते. जोवर ते गोठलेलं नाही तोवर ते शून्याच्या खाली नाही, आणि शून्य म्हणजे तिथल्या ब्युटेनच्या उत्कलनबिंदूपेक्षा १४ अंश वर. वाडग्याच्या कडेला बर्फाची साय धरू लागली की वितळलेल्या पाण्याचा एक घोट त्यात घालायचा. उकळतं पाणी मात्र कधीही नाही. हात सहज ठेवता येईल तेवढंच गरम चालतं. कॅनिस्टरवर बसणाऱ्या स्टोव्हला चहूबाजूंनी पत्र्याचा वाराअडव लावणंही तितकंच धोक्याचं, कारण उष्णता आत कोंडते आणि डबा तापतो. मी तो फक्त वाऱ्याच्या बाजूने लावतो आणि मधूनमधून डब्याला हात लावून पाहतो.

शेजारच्या तंबूतल्या गटाकडे नळीचा स्टोव्ह होता, म्हणजे कॅनिस्टर बाजूला आणि बर्नरला नळीने जोडलेला. त्यांनी तो मिनिटभर सरळ चालवला, ज्योतीजवळून जाणारी धातूची नळी तापू दिली आणि मग कॅनिस्टर उलटा केला. आता नळीतून द्रवच जात होता आणि तापलेल्या नळीत त्याची वाफ होत होती. त्यामुळे प्रोपेन आधी संपण्याचा प्रश्नच येत नाही. पुढच्या हिवाळ्यात मी असाच स्टोव्ह नेणार आहे. पण आमच्यासारख्या, थेट डब्यावर बसणाऱ्या स्टोव्हचा कॅनिस्टर कोणी उलटा करू नये. द्रव सरळ बर्नरमध्ये येतो आणि भडका उडतो.

वर गॅस जास्त लागतो, पण तो बर्फापायी. शून्य अंशाचा किलोभर बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. आणि त्या उंचीवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणजे नुसतं वितळवायलाच जवळपास उकळण्याइतका गॅस जातो. पातेल्याच्या तळाशी आधी थोडं पाणी घातलं होतं, नाहीतर कोरडा बर्फ तळाला धरतो आणि पाण्याला करपट वास येतो. हे सगळं तंबूच्या बाहेर, दगडांच्या आडोशाला चाललं होतं. बंद तंबूत साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, त्यामुळे कितीही थंडी असो, स्टोव्ह आत घेत नाही.

निघायला पावणेपाच झाले. भरलेल्या बाटल्या पिशवीत उलट्या ठेवल्या, म्हणजे बर्फ धरला तरी तो बुडाशी धरेल आणि झाकण मोकळं राहील. स्टोव्ह थंड झाल्यावर कॅनिस्टर काढला आणि तो जॅकेटच्या आत, छातीशी ठेवला. खिंडीवर पोचून तिथेच पुन्हा पाणी तापवलं तेव्हा स्टोव्ह पहिल्याच काडीत पेटला आणि पातेलं उकळेपर्यंत आवाज बदलला नाही.