तुम्ही विचारलंत म्हणून : थोरियमचं घोडं अडलंय कुठे?

अणुऊर्जा खात्यात नोकरी झालेल्या माणसाला लोक दुसरं काही विचारतच नाहीत. ‘केरळच्या किनाऱ्यावर थोरियमची वाळू पडलीय, मग युरेनियमसाठी कझाकस्तानकडे हात कशाला पसरता?’ पाठोपाठ डोळा मिचकावून, ‘वरून दबाव असणार!’

दबाव नाही हो. थोरियम आपणहून पेटत नाही. आधी त्याला न्यूट्रॉन गिळायला लावायचा, मग त्याचं प्रोटॅक्टिनियम होतं, आणि त्यातलं निम्मं युरेनियम-२३३ व्हायला २७ दिवस जातात. जळतं ते हे २३३. ओल्या लाकडाला शेजारी पेटती चूल लागते, तसं. ती चूल म्हणजे आधी युरेनियम, मग प्लुटोनियम. भाभांनी १९५४ मध्ये युरेनियम, प्लुटोनियम, मग थोरियम असे तीन टप्पे मांडले ते हौसेनं नव्हे. दुसऱ्या टप्प्यातली तमिळनाडूत कल्पक्कमची ५०० मेगावॉटची ब्रीडर, म्हणजे जाळते त्याहून जास्त इंधन तयार करणारी अणुभट्टी, २००४ मध्ये बांधायला घेतली, गाभा भरायला २०२४ उजाडलं. हसा आता.

भाची हसली नव्हती. एमएस्सी फिजिक्स करून खात्यात यायचं तिच्या मनात होतं. वहीच्या मागच्या पानावर साखळी काढून घेऊन आली.

‘मामा, २३३ बरोबर थोडं युरेनियम-२३२ येणारच ना? त्यातून पुढे थॅलियम-२०८, त्याचे गॅमा किरण २.६ एमईव्हीचे, फार भेदक. म्हणजे इंधन जाड भिंतीआडून, यंत्राच्या हातांनी बनवायचं?’

‘हो.’

‘२३३ वर चालणारी भट्टी आहे आपली?’

‘कामिनी. कल्पक्कमला. १९९६ पासून.’

‘किती?’

‘तीस.’

‘मेगावॉट?’

‘किलोवॉट.’ आणि तीही उष्णता, वीज नाही. हे मी बोललो नाही, तिला ठाऊक होतं.

‘मी आले, तर रिटायर होईपर्यंत थोरियमवर दिवा लागेल?’

मी चहा ढवळत बसलो. ती आता पुण्यात बॅटऱ्यांच्या कंपनीत आहे. ताई अजून ऐकवते, ‘तुझ्यामुळे गेली नाही ती.’

तरुणपणीचा मी तिला धरून बसवून सांगितलं असतं : कामिनी विजेसाठी नव्हतीच, संशोधनासाठी होती, गुजरातेत काक्रापारच्या वीज देणाऱ्या भट्टीत थोरियमचे बंडल घातलेच होते. सगळं खरं आहे. पण तिनं विचारलं होतं ते दिव्याबद्दल.

आणि गान्सूतल्या २ मेगावॉटच्या चिनी भट्टीची बातमी मला पाठवू नका, वाचलीय. वितळलेल्या क्षारात थोरियम आहे, पण पेटवायला समृद्ध युरेनियमच लागलं. आपण क्षारांचा रस्ता आधीच का धरला नाही, हे मात्र जरूर विचारा. त्यावरून जुन्या सहकाऱ्यांशी माझी भांडणं होतात, आणि दर वेळी मी एकाच बाजूनं भांडतो असं नाही.