नेपाळात वीज काढायची तर आधी झाडं मोजा

सतरा झाडं. माझे अकरा महिने या सतरा झाडांनी खाल्ले. वर गंमत अशी, की पहिल्या मोजणीच्या वेळी ती मोजण्याएवढी जाडसुद्धा नव्हती. नेपाळातल्या जलविद्युत प्रकल्पांवर कामाला निघालेली आपली मंडळी अधूनमधून फोन करून तिथल्या परवानग्यांचं विचारतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

मी मूळचा चिपळूणचा. पोफळीचं वीजघर लहानपणापासून पाहिलेलं, त्यामुळे जलविद्युत म्हणजे वर कोयनेसारखा भरलेला जलाशय, हे डोक्यात पक्कं. नेपाळात खासगी प्रकल्प बहुतेक सगळे वाहत्या पाण्यावरचे. छोटा बंधारा, डोंगरातून बोगदा, खाली वीजघर. पावसाळ्यात पाणी उतू जातं आणि माघ-फाल्गुनात यंत्रं पाण्याची वाट बघत बसतात. म्हणून तर नेपाळ विद्युत प्राधिकरणाचा 2017 मधला खरेदीदर पावसाळी सहा महिन्यांना 4 रुपये 80 पैसे आणि कोरड्या सहा महिन्यांना 8 रुपये 40 पैसे युनिट असा होता, नेपाळी रुपयांत.

सर्वेक्षण परवाना, पर्यावरण अहवाल, खरेदी करार, उत्पादन परवाना हे सगळं झालं. कागद जास्त लागले, पण झालं. गावकऱ्यांना दहा टक्के शेअर द्यावे लागतात, त्या सभेत आरडाओरडा झाला आणि शेवटी सगळ्यांनी मिळून चहा घेतला. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार झाडांची आहे.

आमच्या वीजवाहिनीच्या वाटेत सामुदायिक वन होतं. पर्यावरण अहवालासाठी 2016 च्या हिवाळ्यात तिथली झाडं मोजली, ती भरली 186. झाड कशाला म्हणायचं याचा तिकडे नियम आहे. छातीच्या उंचीवर बुंध्याचा व्यास दहा सेंटिमीटर भरला की ते हिशेबात, त्याखाली ते रोपटं. प्रत्यक्षात वनखात्याचा रेंजर फितीनं घेर मोजतो, म्हणजे साडेएकतीस सेंटिमीटरच्या आत फीत बसली की पुढं चला. 2018 मध्ये तोडीच्या परवानगीसाठी अर्ज केला, पुन्हा मोजणी झाली आणि आकडा आला 203.

कारण उत्तिस. हे झाड दरड कोसळलेल्या उघड्या मातीवर सगळ्यात आधी उगवतं आणि बघता बघता वाढतं. आमच्या टप्प्यात 2015 च्या भूकंपानं अख्खी उतरण खाली आणली होती, तिच्यावर उत्तिसाचं रान माजलेलं. दोन वर्षांपूर्वी मनगटाएवढी असलेली रोपं आता पोटरीएवढी झाली होती. रेंजर एकेकाला फीत गुंडाळायचा, आकडा ओरडायचा, मी वहीत लिहायचो, आणि बत्तीस, तेहतीस, साडेबत्तीस असं ऐकताना माझ्या पोटात गोळा येत होता.

काठमांडूत ज्या कचेरीत फाईल गेली तिचं नाव घेत नाही. तिथले बाबू म्हणाले, अहवालात 186 आहेत, यादीत 203 आहेत, कुठला आकडा खरा? म्हटलं, दोन्ही. ते हसले. मला वाटलं, झालं काम. पुढच्या खेपेला कळलं, की पूरक पर्यावरण अहवाल करून आणा, तो मंजूर होऊ दे, मगच टिप्पणी उठेल. टिप्पणी उठणं हा शब्द पाठ करून जा. आपल्याकडे फाईल हलते, तिकडे टिप्पणी उठते. नायब सुब्बानं, म्हणजे वरच्या कारकुनानं, ती उठवायची, शाखा अधिकृतानं पुढं न्यायची, मग उपसचिव, सहसचिव, सचिव, आणि वनजमिनीच्या बाबतीत शेवटचा निर्णय मंत्रिमंडळाचा. सतरा उत्तिसांवर देशाचं मंत्रिमंडळ बसणार होतं.

पूरक अहवालाला पाच महिने लागले. त्यात आणखी एक भर. 2017 च्या मार्चमध्ये जुन्या गाविसा, म्हणजे गाव विकास समित्या, जाऊन गावपालिका आल्या, त्यामुळे आमच्या जुन्या शिफारसपत्रावरचं गावाचं नाव आणि वॉर्डाचा नंबर दोन्ही इतिहासजमा. नवीन वॉर्ड अध्यक्षांकडून नवं पत्र आणलं. ते बिचारे चांगले होते, एका दिवसात दिलं, पण त्या एका दिवसासाठी जीपनं जायला-यायला तीन दिवस गेले.

मग दशैं आलं, म्हणजे त्यांचा दसरा. दशैंनंतर तिहार, त्यांची दिवाळी. त्या दिवसांत काठमांडूत सरकारी काम काढणाऱ्याला लोक कीव करून मिठाई देतात. रोज दहाला जायचो. "भोलि आउनुस् न", म्हणजे उद्या या ना, असं इतक्या गोड आवाजात म्हणायचे, की भांडताही येत नव्हतं. एकदा आवाज चढवला, त्याची लाज अजून वाटते, आणि त्यानं फाईल हललीही नाही. उलट साहेबांनी हजुर हजुर करत चहा मागवला.

खरा राग वेगळाच. 2001 च्या जलविद्युत धोरणानं देशातल्या वापरासाठीच्या प्रकल्पाला 35 वर्षांची मुदत दिली आहे, आणि ती उत्पादन परवाना हातात पडल्या दिवसापासून चालू होते. एक खातं घड्याळ लावून देतं आणि दुसरं खातं त्याच घड्याळाखाली खाजा खात बसतं. एकद्वार सेवा, म्हणजे आपली एक खिडकी योजना, हे शब्द मी तिथल्या प्रत्येक भाषणात ऐकले. दार एकच असेल, पण आत खोल्या फार.

आणि आम्ही वाट बघत होतो तेव्हा उत्तिस वाढतच होते. पूरक अहवाल मंजूर होईपर्यंत आणखी काही रोपं साडेएकतीसच्या वर जाणार हे सरळ होतं. मग तिसरी मोजणी, मग दुसरा पूरक अहवाल. यातून सोडवलं ते त्या रेंजरदाइंनीच (दाइ म्हणजे दादा). साठीला आलेला माणूस, पायात रबरी चप्पल, खिशात सुरती, म्हणजे तंबाखू. म्हणाले, आठ सेंटिमीटर व्यासाच्या पुढची सगळी रोपंही आत्ताच यादीत घे, वेगळ्या रकान्यात, दोन वर्षांत वाढतील अशी नोंद करून. मंजुरीपेक्षा कमी झाडं तोडली तर कोणी विचारत नाही, एक जास्त तोडलंस तर खटला. पूरक अहवाल नुकताच सुरू झाला होता, म्हणून हा रकाना त्यात घालता आला. आकडा 241 झाला. एका झाडामागे पंचवीस रोपं लावायचा नियम होता, म्हणजे 6025 रोपं. कंपनीच्या हिशेबनिसांनी कपाळावर हात मारला. पण तिसरी मोजणी टळली. हे मला पहिल्याच दिवशी कोणी सांगितलं असतं तर!

तर पहिली मोजणी करतानाच हे करा. बाकी, माझ्या वेळी शुक्रवारी कचेऱ्या तीनला बंद व्हायच्या आणि सुट्टी शनिवारची असायची. रविवारी गेलं तर साहेब ताजेतवाने भेटायचे. आषाढ संपताना त्यांचं आर्थिक वर्ष संपतं, तेव्हा सगळे बिलांत बुडालेले असतात, फिरकू नका. अर्ज दर्ता शाखेत, म्हणजे नोंदणीच्या टेबलावर, दिला की नंबर स्वतःच्या वहीत लिहून घ्या. माझा एक अर्ज केवळ त्या नंबरामुळे सापडला.

मंजुरीचं पत्र मिळालं त्या दिवशी मी कचेरीच्या पायरीवर बसून ते तीनदा वाचलं. आठवड्यानं रानात छपान झालं. कुऱ्हाडीनं साल तासायची, त्या जागी हातोड्यानं छाप मारायचा आणि लाल रंगानं नंबर घालायचा. नंबर 1 घालायचा मान दाइंनी मला दिला. उत्तिसाची साल काढली की आतलं लाकूड हळूहळू केशरी पडतं. मी हातोडा जरा जास्तच जोरानं मारला.

आणि हो, पत्रांवर तारीख विक्रम संवताची घाला. माझी पहिली दोन पत्रं इंग्रजी तारखेची म्हणून परत आली होती, ते वर सांगायचं राहिलं.