एका मिलिमीटरची श्रुती: बेटी लव्हेट प्रकल्प, पुढची मजल

लागला, मंडळी, सूर लागला! (नव्यांसाठी: बेटी लव्हेट ही अमेरिकन सोल गायिका, आणि तिच्या जुन्या रेकॉर्डी कॉम्प्युटरवर उतरवणं हा माझा प्रकल्प.) गेल्या नोंदीत जी रेकॉर्ड मी विक्रेत्याच्या माथी परत मारायला निघालो होतो, ती काल रात्री साडेअकराला सरळ वाजली. सलग सहा वेळा लावली. सातव्यांदा आतल्या खोलीतून "बास की आता" असा आवाज आला, म्हणून थांबलो.

1962 च्या 'माय मॅन'चं काम अर्ध्या दिवसात उरकलं होतं, हे तुम्हाला आठवत असेल. सोळा वर्षांची पोर, पहिलंच गाणं, अटलांटिक कंपनीचं लेबल आणि आर अँड बीच्या (रिदम अँड ब्लूजच्या) लोकप्रियतेच्या यादीत थेट सातवा क्रमांक. घोडं अडलं ते 1965 च्या 'लेट मी डाउन ईझी'पाशी. कॅला लेबलची पंचेचाळीसवाली, म्हणजे मिनिटाला 45 फेऱ्यांची छोटी तबकडी. खाचा स्वच्छ, खरखर नावाला, पण व्हायोलिन्स लांबवलेल्या स्वरावर आल्या की बोट लागल्यासारखं व्हायचं, स्वर हेलकावायचा.

आधी संशय टर्नटेबलच्या बेल्टवर. नवा घातला. मग वेग तपासायला स्ट्रोब, म्हणजे रेघांची चकती; वेग बरोबर असला की लुकलुकत्या दिव्याखाली रेघा स्थिर दिसतात. एलईडीच्या उजेडात स्ट्रोबच्या रेघा नीट दिसेनात, तेव्हा एक्स्टेन्शन बोर्डाचा जुना निऑन दिवा धरून बसलो. (आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर हा दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो, म्हणून पंचेचाळीसच्या वेगाला 133.33 रेघा लागतात. रेघेचा तिसरा हिस्सा कोण छापणार? 133 वर भागवायचं.) वेग ठीक निघाला. मग संशय अडॅप्टरवर, म्हणजे अमेरिकन पंचेचाळीसच्या मोठ्या भोकात बसवायच्या चकतीवर. ऑनलाइन मिळणारे प्लास्टिकचे अडॅप्टर घेऊच नका, स्पिंडलवर, म्हणजे मधल्या खुंटीवर, खुळखुळतात. भोसरीतल्या एका मित्राकडून लेथवर पितळेचा करवून घेतला. देखणा झालाय, पण हेलकावा होता तिथंच.

शेवटी घड्याळ लावून बसलो. हेलकावा दर 1.33 सेकंदांनी यायचा, म्हणजे बरोबर एका फेऱ्याला एक. दुसऱ्या रेकॉर्डी नीट वाजत होत्या, म्हणजे दोष मशीनचा नव्हता, याच तबकडीचा होता. भोक मध्यावर नव्हतं. किती चुकलंय ते मोजलं, तर जेमतेम एक मिलिमीटर.

आता गंमत बघा. गाण्याच्या सुरुवातीला सुई मध्यापासून साधारण 80 मिलिमीटरवर असते. भोक एक मिलिमीटरनं सरकलेलं असलं, तर सुईखालची त्रिज्या एकदा 81 होते, एकदा 79. त्रिज्या वाढली की खाच सुईखालून वेगानं जाते आणि स्वर चढतो, घटली की उतरतो. आणि 81/80 म्हणजे काय, हे तंबोऱ्याजवळ बसलेल्यांना सांगायला नको. प्रमाण श्रुती, श्रुतींतली सर्वांत बारीक! दर फेऱ्याला स्वर एक श्रुती चढतो आणि जवळजवळ तेवढाच उतरतो. सुई आत सरकते तसं हे वाढत जातं, 55 मिलिमीटरवर तर जवळजवळ दीडपट होतं. म्हणजे बाई जिथं गाण्याचा जीव ओतते, नेमका तिथंच सर्वांत जास्त बेसूर.

सॉफ्टवेअरनं दुरुस्त करून पाहिलं. व्हायोलिन्स सरळ झाल्या, पण तिचा गळाही इस्त्री केल्यासारखा झाला. लव्हेट स्वरावर खालून येते, थोडी उशिरा, घासत. प्रोग्रॅमला तो दोष वाटला. फाइल उडवून टाकली.

नाकामिचीनं टीएक्स-1000 नावाचं टर्नटेबल काढलं होतं, ते तबकडीचा मध्य स्वतः शोधायचं. त्याचे फोटो बघत उसासे टाकत होतो, तेव्हा उजेड पडला. आपल्या एचएमव्हीच्या ईपींना, म्हणजे छोट्या रेकॉर्डींना, बारीक भोक असतं, तिथं रेकॉर्ड सरकवायला जागाच नाही. अमेरिकन पंचेचाळीसला 38 मिलिमीटरचं भगदाड! मग तो पितळी अडॅप्टर हवाच कशाला? काढून ठेवला. रबरी मॅटवर तबकडी नुसती ठेवली, सुई टेकवली आणि वरून हेडशेलकडे, म्हणजे सुई धरणाऱ्या टोकाकडे, बघत राहिलो. ते डावी-उजवीकडे डुलतं. सुई उचलायची, पेन्सिलीच्या मागच्या टोकानं कडेला हलकेच टिचकी मारायची, पुन्हा बघायचं. अकराव्या टिचकीला हेडशेल जागच्या जागी थांबलं. मॅट चांगली असेल तर तबकडी घसरत नाही. वर वजन वगैरे ठेवू नका.

मग ती गायली. एकोणीस वर्षांची, आणि विनवणी मात्र चाळिशीच्या बाईची.

यापुढे सगळं क्रमानं उतरवायचं असं ठरलं होतं, पण काल बेत बदलला. 1972 साली अटको या रेकॉर्ड कंपनीसाठी तिनं अलाबामातल्या मसल शोल्स या गावी अख्खा अल्बम केला आणि कंपनीनं तो गुंडाळून ठेवला. जील पेटार नावाच्या फ्रेंच संग्राहकानं त्याच्या टेप शोधून काढल्या आणि 2000 साली 'सूव्हेनीर्स' नावानं बाजारात आणल्या. आपल्यासारख्याच एका किडे असलेल्या माणसानं! त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या उत्रेख्तच्या मंचावरचं तिचं ध्वनिमुद्रणही निघालं, आणि त्यात हेच 'लेट मी डाउन ईझी' आहे. पस्तीस वर्षांच्या अंतरानं तीच बाई, तेच गाणं. आता ही दोन शेजारीशेजारी ठेवून ऐकायची आहेत. 1982 चा मोटाउन कंपनीचा अल्बम थांबेल.

2004 मध्ये तिला ब्लूज संगीताचा हँडी पुरस्कार मिळाला तो 'कमबॅक' अल्बमचा. हा शब्द मला खटकतो. मधली सगळी वर्षं ती क्लबांतून आणि संगीतिकांतून गातच होती. गेली होती ती रेकॉर्ड कंपनी.

आणि हे लिहिता लिहिता सुचलं: 2007 चा 'द सीन ऑफ द क्राइम'ही आधीच घ्यावा. तोही मसल शोल्सचाच. त्याचा एक निर्माता पॅटरसन हूड, आणि त्याचे वडील डेव्हिड हूड म्हणजे तिथल्या ध्वनिमुद्रणांत वाजवणारे नामांकित बास गिटारवादक. नावाचा अर्थ 'गुन्ह्याची जागा', आणि ती कुठली, हे तो गुंडाळून ठेवलेला अल्बम आठवला की कळतं.

पण त्याआधी एक लचांड. आज सकाळी उत्साहानं रेकॉर्ड उलटली, तर पुन्हा हेलकावा. दोन्ही बाजूंचे साचे वेगळे, त्यामुळे चूकही वेगवेगळी. म्हणजे पेन्सिल पुन्हा हातात. मागच्या बाजूच्या गाण्याचं नाव आहे 'व्हॉट आय डोन्ट नो वोन्ट हर्ट मी'. आतापर्यंत सात टिचक्या झाल्यात.