लाकूड आपटून घे

दुपारचा चहा झाला आणि कप तसाच ओट्यावर राहिला. माझ्या कपात तळाशी साखर उरतेच, कारण मी चहा ढवळत नाही. ढवळलेला चहा पहिल्या घोटापासून शेवटपर्यंत एकाच चवीचा, त्यात कसली मजा? शेवटचा घोट पाकासारखा लागला पाहिजे. घरात यावरून बोलणी खाऊन झाली आहेत, तो विषय सोडू.

तासाभराने गेले तर कपात मुंग्या. बारक्या, लाल. एक रांग काठावरून आत, एक आतून बाहेर, समोरासमोर आल्या की तोंडाला तोंड लावून क्षणभर विचारपूस. मला पुन्हा चहा हवा होता आणि दुसरा कप काढायचा कंटाळा. हा कप नळाखाली धरला, विसळला, आधण ठेवलं. पत्ती टाकताना हात थांबला. हे आपण कुठेतरी वाचलंय. असंच, कप रिकामा करण्यापुरतं.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आम्हाला अमेरिकन लेखक हेमिंग्वेची ‘अ फेअरवेल टू आर्म्स’ होती. सर नोट्स उतरवून द्यायचे. थीम नंबर एक, लव्ह. थीम नंबर दोन, वॉर. थीम नंबर तीन, नेचर. प्रत्येकीखाली पाच मुद्दे, मुद्द्याखाली लाल शाईची रेघ. निम्म्या वर्गाने कादंबरी उघडली नाही आणि त्यांचं काही अडलंही नाही. मी उघडली ती हॉस्टेलवर तापाने पडले होते म्हणून. बाहेर जुलै कोसळत होता. पुस्तकातही पाऊस लागला, पण तो भलताच निघाला. पहिल्या दोन पानांतच हिवाळ्याच्या तोंडाला संततधार लागते, पाठोपाठ कॉलरा येतो, आणि लेखक शांतपणे सांगतो की साथ आटोक्यात आली, सैन्यात फक्त सात हजार माणसं दगावली. त्या ‘फक्त’पाशी माझा ताप एक डिग्रीने चढला असेल.

नायिका कॅथरीन, इंग्लिश नर्स, तिला पावसाची भीती वाटते. पावसात आपण मेलेलो दिसतो, म्हणते. आमच्याकडे नायिका पावसात भिजते, निदान खिडकीतून हात तरी बाहेर काढते. घाबरणारी मी पहिल्यांदाच पाहिली.

नायक फ्रेडरिक हेन्री, पहिल्या महायुद्धात इटालियन सैन्यात अँब्युलन्सवर असलेला अमेरिकन. सैन्यातून पळालेला आहे, सकाळी पकडायला येणार अशी खबर लागते. तेव्हा रात्रीच, भर वादळात, दोघं बारमनच्या होडीतून माज्जोरे सरोवरातून स्वित्झर्लंडकडे निघतात. ती गरोदर. हॉटेलातून निघताना पोर्टरने एक भलीमोठी छत्री दिलेली असते. वल्ही मारून हाताची सालं निघाल्यावर हा काय करतो, तर छत्री उघडून तिचं शीड करतो! होडी पळते खरी, पण थोड्या वेळाने छत्री उलटते आणि कॅथरीन हसत सुटते. आता युद्धातून पळणं, बायकोसारखी बायको आणि पिसाट वारा हे तिन्ही एका छत्रीखाली. परीक्षेत हा प्रसंग आला असता तर कुठल्या नंबरखाली लिहायचा, मला आजही सांगता येणार नाही.

मुंग्या मात्र शेवटाला आहेत. लोझानचं इस्पितळ, मूल मेलेलं, कॅथरीन जाण्याच्या वाटेवर, आणि हा बाहेर बसून आहे. त्याला मध्येच आठवतं की एकदा रानात मुक्कामाला असताना त्याने जाळात एक ओंडका घातला होता, तो मुंग्यांनी भरलेला निघाला. मुंग्या आधी जाळाकडेच धावल्या, मग उलट फिरल्या, थंड टोकाशी गोळा झाल्या आणि तिथून टपाटप पडल्या. ओंडका उचलून बाहेर फेकावा, तारणहार व्हावं, असं त्याच्या मनात आलं होतं. केलं काय? पत्र्याच्या कपातलं पाणी त्यावर ओतलं. तेही कप रिकामा हवा होता म्हणून, आधी व्हिस्की ओतायची होती. त्या पाण्याने मुंग्या वाफाळल्याच असतील. एवढंच. शेवटचं पान आपण ३९ वेळा लिहिलं असं हेमिंग्वे सांगायचा. ते पान मला धड आठवत नाही, तो कप आठवतो.

सरांच्या नेचरच्या पाच मुद्द्यांत मुंग्या नव्हत्या.

मला त्या आधीपासून ठाऊक होत्या. देवरुखजवळच्या आजोळी न्हाणीची चूल होती, तिच्यावर काळाकुट्ट हंडा. पावसाळ्यात आंघोळीच्या पाण्याला जाळ घालणं हे आम्हा पोरांचं काम. मागच्या पडवीत रचलेली लाकडं दमट असायची, आणि त्यांच्या सालीखाली काळे डोंगळे. आजी आतून ओरडायची, “लाकूड आपटून घे गो! आत बिऱ्हाडं असतात.” मग दगडी पायरीवर लाकूड दोन-तीनदा आपटायचं आणि थांबायचं. हे थांबणं महत्त्वाचं. आधी एक-दोन डोंगळे बाहेर येऊन तपास करायचे, मग सगळं खटलं, तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी अंडी तोंडात धरून. एकदा मी न आपटताच लाकूड सारलं आणि डोंगळे न पेटलेल्या टोकावर पुढेमागे धावू लागले. आजीने चुलीत हात घालून लाकूड ओढलं आणि धुरासकट अंगणात, पावसात फेकून दिलं. न्हाणीत आजोबा नुसत्या पंचावर बसलेले. पाणी कोमट झालं, माझ्या सात पिढ्यांचा उद्धार झाला.

आजी कुणी संत नव्हती हं. गुळाच्या डब्याला मुंग्या लागल्या की भिंतीतलं त्यांचं भोक शोधून त्यात उकळतं पाणी ओतायची. चुलीतल्यांना माफी, गुळातल्यांना नाही.

त्याच आजोळच्या कपाटात ‘एका कोळियाने’ होतं. जाळं बांधणाऱ्या कवितेतला तो कोळी समजून मी ते हावऱ्यासारखं उघडलं. चार पानं झाली तरी आठ पायांचं कुणी येईना. पु.लं.नी हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या मासेमाराला ते नाव दिलंय, हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली. त्या बिचाऱ्याला ८४ दिवस मासा मिळालेला नाही, आणि गंमत म्हणजे त्याच्याकडे जाळंच नाही. ते कधीच विकून झालंय.

मुंग्या अमेरिकन युद्धकथांतून माझा पिच्छा सोडत नाहीत. स्टीफन क्रेनच्या १८९५ च्या ‘द रेड बॅज ऑफ करेज’मध्येही एक हेन्री आहे, तोही पळपुटा. रानात शिरल्यावर तो एका खारीला पाइनचं बोंड मारून बघतो. खार पळते. झालं, याला निसर्गाचा दाखलाच मिळतो की पळणं रास्त आहे. पुढे जातो तर झाडांचा गाभारा असावा अशी जागा, आणि तिथे झाडाला टेकून बसलेला मेलेला सैनिक. चेहऱ्यावर मुंग्या. एक तर वरच्या ओठावरून कसलंसं गाठोडं ओढत निघालेली.

क्रेन जन्मला १८७१ साली, आणि त्याच्या कादंबरीतलं अमेरिकेचं यादवी युद्ध १८६५ लाच संपलेलं. हे लिहीपर्यंत त्याने लढाई म्हणून पाहिली नव्हती. हेमिंग्वेने इटालियन सैन्याची कापोरेत्तोची माघार अशी लिहिली आहे की वाचताना पायाला चिखल लागावा, पण ती झाली १९१७ च्या ऑक्टोबरात आणि हा इटलीत पोचला १९१८ मध्ये. पुढे जुलैत जखमी झाला आणि इस्पितळातल्या नर्सच्या प्रेमात पडला, ते सगळं खरं. माघार मात्र ऐकीव. मुंग्या दोघांनीही पाहिलेल्या असणार. त्या ऐकून लिहिता येत नाहीत.

चहा उकळून कडू झाला, तो ओतून दिला.

आजी गेली तेव्हाही जुलैच होता. आम्ही बायका घरीच होतो, मामेभावाने नंतर सांगितलं. स्मशानातली लाकडं ओली, माणसं ओली, सगळ्यांना घाई. मामाने पहिलं लाकूड उचललं, बाजूच्या दगडावर दोनदा आपटलं आणि थांबला. मग दुसरं घेतलं.

कुणी काही बोललं नाही, म्हणाला. सगळेच थांबले.