पाऊणपट

आमचं सुट्टीचं घर समुद्रकिनारी आहे, असं बाबांनी 1996 साली झाडून सगळ्या नातेवाइकांना सांगून टाकलं आणि तेव्हापासून आम्ही ते वाक्य निस्तरतो आहोत. घर अलिबागकडच्या पोयनाडच्या पलीकडे, धरमतर खाडीच्या अंगाला, खारेपाटात, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या जमिनीच्या पट्ट्यात आहे. समोर बांध, बांधापलीकडे तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, आणि तिवरांच्या मधून नागमोडी गेलेले खाडीचे फाटे. समुद्राचं पाणी तिथे येतं, हे खोटं नाही. दिवसातून दोनदा येतं, फार न थांबता परत जातं. उरलेला वेळ समोर चिखल असतो. चकचकीत, राखाडी, ओहोटीला कुजक्या अंड्यासारखा वास मारणारा चिखल.

किनाऱ्यालगतची जागा आम्हाला परवडणारी नव्हती. ही परवडली, कारण ती कुणालाच नको होती. दोन खोल्या, कौलं, पडवी आणि मागे एक चिंच.

पहिल्याच वर्षी पुण्याचा मामा सहकुटुंब आला. वडखळ नाक्यावरच्या कोंडीत दीड तास घालवून पडवीत टेकला, समोर बघितलं आणि म्हणाला, "भाऊजी, समुद्र कुठे ठेवलाय?" बाबा शेजारच्या काकींना विचारायला गेले. काकी अंगणातूनच ओरडल्या, "आज भांग हाय, पानी नाय चढनार!" मामाचा चेहरा एकदम उजळला. भांग म्हणजे अष्टमी-नवमीच्या सुमाराची मरतुकडी भरती, पेला-बिला काही नाही, हे त्याला समजावताना आई हसून हसून खाली बसली. दोन दिवस मामाने चिखल बघितला. परत आला नाही.

त्या दिवसापासून बाबांनी भरतीचं गणित मनावर घेतलं. काकींच्या सासऱ्यांनी त्यांना सूत्र दिलं: तिथीची पाऊणपट करायची, तेवढे वाजता भरती पूर्ण. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमी, सहा. नवमी, पावणेसात. शुक्ल की वद्य, बघायची गरज नाही. एक भरती दुपारची धरा, दुसरी पहाटेची. डोंबिवलीत आमच्या घरी संकष्टी सोडली तर कुठलीही तिथी कुणाला ठाऊक नसायची. खारेपाटात मात्र कालनिर्णय पडवीच्या खांबाला टांगलेलं असायचं आणि सकाळच्या चहाआधी बाबा त्याच्यासमोर उभे राहून ओठ हलवत पावकी-निमकीच्या जगात गेलेले असायचे.

मी तेव्हा आठवीत होते आणि मला नुकतीच मोठ्यांच्या चुका काढण्याची चटक लागली होती. मी हिशोब मांडला. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, म्हणजे पाऊण वाजता. रोज भरती पाऊण तासाने पुढे सरकते, मग या एका दिवसात दीड तास कशी सरकली? मधला पाऊण तास गेला कुठे? बाबांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "पौर्णिमेला खाडीपण जरा थांबत असेल की गं."

खरं कारण साधं आहे. भरती रोज सरासरी पन्नासेक मिनिटं उशिरा येते, पंचेचाळीस नव्हे. पाऊणपट तोंडी करायला सोपी, म्हणून रोजची चार-पाच मिनिटं सोडून द्यायची आणि पंधरवड्याच्या शेवटी जमलेली थकबाकी एकदम चुकती करायची. त्यातून खाडीत आत आत येताना पाणी आणखी उशीर करतं. बाबा त्यासाठी "वरकड पाव तास" धरायचे. हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. त्यांना सांगितलं नाही. त्यांचं उत्तर मला जास्त आवडतं.

घर सांभाळणं म्हणजे मुख्यतः मिठाशी भांडण. कोयंडा दोन पावसाळ्यांत पापुद्रे सोडतो, गॅसची शेगडी चार वर्षांत चाळण होते. एका बिस्किटाच्या डब्यात गंजून बंद पडलेली अकरा कुलपं आहेत. बाबा एकही टाकू देत नाहीत. तिवराने हे भांडण आमच्यापेक्षा हुशारीने मिटवलंय. त्याचं पान उन्हात तिरकं धरलं तर वर मिठाचे बारीक कण चमकतात. आत आलेलं मीठ झाड पानावाटे बाहेर काढून टाकतं. जिभेवर ठेवून बघा, चिवड्यात पडलं तर कळणार नाही.

पण त्या चिखलातली माझी लाडकी वस्तू म्हणजे उघाडी. बांधाच्या आत शेतं, बाहेर खाडी. आतलं पावसाचं पाणी बाहेर जायला हवं आणि बाहेरचं खारं आत यायला नको. म्हणून बांधात मोरी आणि तिच्या खाडीकडच्या तोंडावर वरून बिजागरीने टांगलेलं झापेचं दार. ओहोटी लागली की आतलं पाणी दाराला ढकलून निघून जातं. भरती आली की बाहेरचं पाणीच दार दाबून बंद करतं. ना मोटर, ना माणूस. समुद्राला समुद्राकडूनच थांबवून घ्यायचं, ही युक्ती ज्याला सुचली त्याचं नाव कुठल्या पाटीवर नाही.

माणूस लागतो तो बांधाला. खेकड्याच्या बिळातून पाणी झिरपतं, उधाणाला तिथेच खांड पडते आणि एकदा खारं पाणी शेतात फिरलं की भाताची काही वर्षं गेली. मग तिथे तिवरं उगवतात. तिवर तोडायला 2005 पासून उच्च न्यायालयाची बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. पण सातबाऱ्यावर शेत आणि जागेवर जंगल, अशा तुकड्याकडे बोट दाखवून काकी "ते आमचं" म्हणतात, तेव्हा काय बोलावं सुचत नाही. याच पट्ट्यातल्या चरी गावच्या कुळांनी 1933 ते 1939 अशी सहा वर्षं जमीन न कसण्याचा संप केला होता. एवढ्या किमतीने हाती राहिलेली जमीन. आमचा सातबारा त्यापुढे अगदीच सुट्टीतला वाटतो. बाबा तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गादीखाली ठेवायचे.

आता बाबांना प्रवास झेपत नाही. फोन मात्र येतो. परवा मी पडवीत ओहोटीचा चिखल बघत बसले होते. पायरीपासून हातभर अंतरावर एक निवटा, चिखलात राहणारा मासा, परांवर रेटत चालला होता, मधेच थांबून डोळे आत ओढून पुन्हा वर काढत होता. मुलीने मोबाइलवरच्या ॲपात बघून सांगितलं, भरती चार बावन्नला. तेवढ्यात फोन वाजला.

"षष्ठी आहे. साडेचार," बाबा म्हणाले.

"वरकड पाव तास धरला का?"

"तो तू धर. उघाडी लागली का?"

एक वाजत आला होता. मी फोन घेऊन बांधावर गेले. फाट्यात पाणी उलटं फिरलं होतं, वर काड्या आणि फेस. झाप अजून बोटभर उघडी होती, आत-बाहेर डुलत होती, ठरत नसल्यासारखी. मी फोन खाली धरला. पाण्याचा एक लोंढा आला, झाप चौकटीवर धप्प बसली.

"लागली," मी म्हणाले.

"ऐकलं. चला, आता पानं घ्या."